मुक्या रुग्णासमोर : पशुवैद्यकाच्या अभ्याससाधनांचा भारतीय इतिहास

भारतात पशुवैद्यकाची पदवी साडेपाच वर्षांची आहे. त्यातील शेवटचे एक वर्ष आंतरवासितेचे असते. तोवर वर्गात आणि प्रयोगशाळेत शिकलेला विद्यार्थी या वर्षात दवाखान्यात, गोठ्यात, गावोगावच्या शिबिरांत प्रत्यक्ष रुग्णासमोर उभा राहतो. समोरची गाय दोन दिवसांपासून रवंथ करीत नाही. तिचे तापमान १०१.५ अंश फॅरनहाइटच्या आसपास असायला हवे, डाव्या भकाळीवर मूठ टेकवली तर मिनिटाला साधारण एक ते दोन वेळा पोटाची हालचाल जाणवायला हवी, हे त्याला पाठ असते. मात्र दुखते कुठे, केव्हापासून आणि कशामुळे, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर गाय देत नाही.

माणसांच्या वैद्यकात रुग्णाचे बोलणे हेच निदानाचे पहिले साधन असते. पशुवैद्यकात ती जागा रिकामी आहे. ती भरून काढण्यासाठी विद्यार्थ्याला चार गोष्टींचा आधार घ्यावा लागतो : ग्रंथ, दवाखान्याची नोंदवही, शवविच्छेदनाचे टेबल आणि जनावर सांभाळणाऱ्याचे बोलणे. या चारही साधनांना भारतात मोठा इतिहास आहे, आणि पुढील वर्षी दवाखान्यात पाऊल ठेवणाऱ्या विद्यार्थ्याच्या तो थेट उपयोगाचा आहे.

सुरुवात ग्रंथांपासून करू. अश्वचिकित्सेचा आद्य आचार्य म्हणून परंपरा शालिहोत्राचे नाव घेते. ते नाव इतके रूढ झाले की उत्तर भारतात घोड्यांच्या वैद्याला ‘सलोतरी’ म्हटले जाऊ लागले. हत्तींसाठी पालकाप्याचा ‘हस्त्यायुर्वेद’ आहे. अंगदेशाचा राजा रोमपाद प्रश्न विचारतो आणि पालकाप्य मुनी उत्तरे देतात, अशी त्याची रचना आहे. महारोग, क्षुद्ररोग, शल्य आणि उत्तर अशा चार स्थानांत विभागलेला हा प्रचंड ग्रंथ १८९४ साली पुण्याच्या आनंदाश्रमाने छापून प्रसिद्ध केला. रोगांची वर्गवारी, शस्त्रक्रिया, आहार आणि ऋतुचर्या असा त्याचा आवाका पाहिला, तर एका प्राण्याच्या चिकित्सेचे ते पूर्ण पाठ्यपुस्तकच आहे.

पण या ग्रंथांचे नायक घोडा आणि हत्ती आहेत. दोन्ही प्राणी राजाच्या सैन्यातले. नांगर ओढणाऱ्या बैलाच्या आणि घरच्या दुभत्या जनावराच्या वाट्याला त्या तोडीची स्वतंत्र ग्रंथपरंपरा आली नाही. त्यांची चिकित्सा गुराख्यांच्या, धनगरांच्या आणि गावातल्या जाणत्यांच्या तोंडी राहिली. कंपनी सरकार आले तेव्हाही अग्रक्रम बदलला नाही. १८०८ साली विल्यम मूरक्रॉफ्ट हा फ्रान्समधील लियाँ येथे शिकलेला पशुवैद्य भारतात आला, तो कंपनीच्या घोड्यांच्या पैदास केंद्राचा अधीक्षक म्हणून. पशुवैद्यक म्हणजे घोडदळाची निगा, असाच अर्थ पुढे अनेक दशके कायम राहिला.

गुरांकडे सरकारचे लक्ष वेधले ते साथींमुळे. त्यांतली सर्वांत भीषण साथ बुळकांडीची. ताप, डोळ्यांतून व नाकातून स्राव, तोंडात व्रण, मग हगवण आणि काही दिवसांत मृत्यू, असा या विषाणुजन्य रोगाचा क्रम असे. गोठाच्या गोठा रिकामा झाला की पेरणीला बैल उरत नसे. गुरांच्या या साथींची चौकशी करण्यासाठी नेमलेल्या आयोगाचा अहवाल १८७१ साली प्रसिद्ध झाला. त्यानंतरच्या दोन दशकांत पशुवैद्यकीय शिक्षणाची घडी बसू लागली. १८८२ साली लाहोरला, १८८६ साली मुंबईत आणि १८९३ साली कलकत्त्याजवळ बेलगछियाला संस्था उभ्या राहिल्या. १९०३ साली त्यात मद्रासची भर पडली.

यांतील मुंबईच्या महाविद्यालयाची मांडणी विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. परळ येथे सर दिनशा माणेकजी पेटिट यांच्या देणगीतून प्राण्यांचे रुग्णालय उभे राहिले होते आणि त्याला त्यांच्या पत्नी बाई साकरबाई यांचे नाव होते. महाविद्यालय सुरू झाले ते या रुग्णालयाच्या आधाराने. ट्रामचे घोडे, गाड्यांचे बैल, गोठ्यांतल्या म्हशी अशी शहराची सारी जनावरे तिथे येत असत. पुस्तक आणि रुग्ण एकाच आवारात असणे ही सोय विद्यार्थ्यांना पहिल्या दिवसापासून मिळाली.

पुस्तकांची अडचण मात्र वेगळीच होती. विद्यार्थ्यांच्या हाती येणारी पुस्तके युरोप-अमेरिकेत लिहिलेली होती. १९१० च्या सुमारास आलेले सिसन यांचे शरीररचनाशास्त्राचे पुस्तक जगभर प्रमाण मानले गेले. त्यात सर्वाधिक तपशील घोड्याचा आहे आणि इतर प्राणी बहुधा त्याच्या तुलनेत वर्णिलेले आहेत. भारतीय विद्यार्थ्याच्या दवाखान्यात मात्र वशिंडाची गाय आणि म्हैस येत असे. म्हशीचा माज पुष्कळदा मुका असतो, ती हंबरत नाही आणि लक्षणे रात्री किंवा पहाटे दिसून विरून जातात. तिच्या कातडीत घर्मग्रंथी कमी आणि रंग काळा, म्हणून उन्हात बांधलेल्या म्हशीचे तापमान आजार नसतानाही चढते. अशा गोष्टी थंड देशांत घोड्यावर लिहिलेल्या पुस्तकात मिळणे शक्य नव्हते.

ही उणीव भरून निघू लागली ती १९२४ साली मद्रासहून ‘इंडियन व्हेटरनरी जर्नल’ निघू लागल्यावर. दूरच्या तालुक्यातल्या पशुवैद्याला त्याने पाहिलेला एखादा वेगळा रुग्ण, त्यावर केलेले उपचार आणि त्यांचा परिणाम छापून मांडता येईल, अशी जागा निर्माण झाली. भारतीय रुग्णाचे भारतीय वर्णन आता पुढच्या विद्यार्थ्याला वाचता येऊ लागले. पुढे १९५५ साली ‘मर्क व्हेटरनरी मॅन्युअल’ची पहिली आवृत्ती आली आणि १९६० साली ब्लड व हेंडरसन यांचे ‘व्हेटरनरी मेडिसिन’ आले. यांपैकी पहिले आज महाजालावर विनामूल्य वाचता येते. दुसऱ्याच्या पुढच्या आवृत्त्या पिढ्यान्पिढ्यांच्या मेजावर राहिल्या. तरीही या जाडजूड ग्रंथांसोबत दवाखान्याची साधी नोंदवही किती मोलाची ठरते, हे बुळकांडीच्याच इतिहासात दिसते.

१८८९ साली पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात ‘इंपीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी’ स्थापन झाली. संसर्गजन्य रोगांचे प्रयोग वस्तीपासून दूर व्हावेत म्हणून १८९३ साली ती कुमाऊँच्या डोंगरात मुक्तेश्वरला हलवण्यात आली. १८९७ साली रॉबर्ट कॉख यांनी तिला भेट दिली. पुढे इज्जतनगर येथे विस्तारलेली हीच संस्था आज भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था म्हणून ओळखली जाते. मुक्तेश्वरला १९२० च्या दशकात जे. टी. एडवर्ड्‌स यांनी बुळकांडीचा विषाणू एका शेळीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत असा पुन्हा पुन्हा संक्रमित केला. शेळीत रुळलेला हा विषाणू गुरांसाठी सौम्य झाला आणि त्यातून लस मिळाली. १९५४ साली याच लशीच्या बळावर देशव्यापी निर्मूलन कार्यक्रम सुरू झाला. पुढे ऊतिसंवर्धनातून बनवलेली अधिक सुरक्षित लस आली.

शेवटचा टप्पा सर्वांत अवघड होता. भारतातील बुळकांडीचा शेवटचा उद्रेक १९९५ साली तमिळनाडूत नोंदला गेला. पण रोग दिसत नाही एवढ्याने तो संपला असे सिद्ध होत नाही. लस चालू असेतो रोग दबलेला असू शकतो, म्हणून ती थांबवावी लागते आणि नंतर काही वर्षे शोध चालू ठेवावा लागतो. कर्मचारी गावोगाव फिरले, गुरांच्या वाटा आणि बाजार त्यांनी धुंडाळले. त्याचबरोबर पशुवैद्यकीय दवाखान्यांच्या दैनंदिन नोंदवह्या उघडून वाचण्यात आल्या. तोंडात व्रण आणि सोबत हगवण असा एखादा रुग्ण कुठे आला होता का, त्याचे निदान काय झाले, शेजारच्या जनावरांना काही झाले का, याचा माग त्या पानांवरून काढला गेला.

ज्या तालुक्यातल्या पशुवैद्याने रोजच्या रुग्णांची लक्षणे नीट लिहून ठेवली होती, त्याची वही पुरावा ठरली. जिथे नुसतेच ‘गाय, आजारी, इंजेक्शन दिले’ असे लिहिले होते, तिथे वही असूनही उपयोग नव्हता. २००६ साली पॅरिस येथील जागतिक प्राणी आरोग्य संघटनेने भारताला बुळकांडीच्या संसर्गापासून मुक्त घोषित केले. २०११ साली सारे जग मुक्त झाल्याचे जाहीर झाले. देवीनंतर पृथ्वीवरून नाहीसा केलेला हा दुसराच रोग. अशा जागतिक घटनेच्या मुळाशी ओळीओळीने भरलेल्या दवाखान्याच्या वह्याही आहेत, हे विद्यार्थ्याला सहसा सांगितले जात नाही.

तिसरे साधन शवविच्छेदनाचे टेबल. त्याचा धडा गिधाडांनी दिला आणि त्यासाठी त्यांनी भयंकर किंमत मोजली. १९९० च्या दशकात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे विभू प्रकाश भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात गिधाडांची मोजणी करीत होते. आधीच्या दशकात जिथे गिधाडे मुबलक होती, तिथे ती झपाट्याने नाहीशी होत असल्याचे त्यांच्या ध्यानात आले. १९९२ ते २००७ या काळात भारतातील पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या ९९.९ टक्क्यांनी घटली. प्रथम संशय एखाद्या अज्ञात साथीचा होता. विषाणू शोधण्याचे बरेच प्रयत्न झाले आणि निष्फळ ठरले.

उलगडा पाकिस्तानातील पंजाबमध्ये, मेलेल्या गिधाडांच्या शवविच्छेदनातून झाला. बहुतेक पक्ष्यांच्या अंतर्गत अवयवांवर खडूसारखा पांढरा थर होता. तो होता युरिक आम्लाचा, म्हणजे मूत्रपिंडे निकामी झाली होती. संशोधकांनी मग पशुवैद्यांना आणि औषधविक्रेत्यांना विचारले : गुरांना अलीकडे असे कोणते औषध देता, की जे मूत्रपिंडाला घातक ठरू शकते आणि पोटातून रक्तात शोषले जाते? उत्तर आले, डायक्लोफेनॅक. हे एक स्वस्त आणि परिणामकारक वेदनाशामक होते. तपासणीत मूत्रपिंडे निकामी झालेल्या २५ पैकी २५ गिधाडांत डायक्लोफेनॅकचा अंश सापडला. इतर कारणांनी मेलेल्या १३ गिधाडांपैकी एकातही तो नव्हता. २००४ साली हे संशोधन ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी दुसऱ्या एका गणिताने दाखवले की एवढी घट होण्यासाठी १३० ते ७६० मृत जनावरांमागे केवळ एकात हे औषध असणे पुरेसे होते. कारण एकाच जनावरावर गिधाडांचा थवाच्या थवा उतरतो.

औषधांच्या पुस्तकात डायक्लोफेनॅकविषयी जे लिहिले होते, ते गाईपुरते खरेच होते. लंगडणाऱ्या बैलाला त्याने आराम पडत होता. पुस्तकाचे पान संपत होते ते जनावर बरे झाले किंवा मेले तिथे. मेल्यानंतर ते कोणाच्या पोटात जाते, हा प्रश्न त्या पानावर नव्हता. २००६ साली भारताने जनावरांसाठी या औषधाच्या उत्पादनावर बंदी घातली. त्याच वर्षी मेलॉक्सिकॅम हे पर्यायी औषध गिधाडांना सुरक्षित असल्याचे प्रयोग प्रसिद्ध झाले आणि पुढे भारतातील चाचण्यांत इज्जतनगरच्या शास्त्रज्ञांचाही वाटा होता. माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गुरांना टोचल्या जातात असे दिसल्यावर २०१५ साली कुपीचा आकार ३ मिलिलिटरपुरता मर्यादित करण्यात आला. २०२३ साली केटोप्रोफेन आणि असेक्लोफेनॅक यांवरही जनावरांसाठी बंदी आली. असेक्लोफेनॅकचे गाईच्या शरीरात डायक्लोफेनॅकमध्येच रूपांतर होते. त्यामुळे दहा वर्षे जुन्या औषधसूचीवरून वेदनाशामक निवडणारा विद्यार्थी गाईचे नुकसान करणार नाही, पण गिधाडाचे करील. औषधाच्या पुस्तकाची आवृत्ती कोणती आणि त्यानंतर कोणते आदेश निघाले, हे पाहणे म्हणूनच अभ्यासाचा भाग ठरते.

शवविच्छेदनाच्या टेबलालाही एक अपवाद आहे आणि तो पहिल्याच दिवशी ठाऊक असावा लागतो. अचानक मेलेल्या जनावराच्या नाकातोंडातून न गोठणारे काळपट रक्त येत असेल, तर फाशी म्हणजे अँथ्रॅक्सचा संशय धरायचा आणि शव उघडायचे नाही. आधी कानाच्या शिरेतून रक्ताचा थेंब घेऊन काचपट्टीवर पाहायचा. शव उघडले तर हवेशी संपर्क आलेले जंतू बीजाणू तयार करतात आणि ते जमिनीत वर्षानुवर्षे टिकून राहतात.

चौथे साधन माणसाचे बोलणे. बुळकांडीचा शेवट असो की डायक्लोफेनॅकचा शोध, दोन्ही ठिकाणी कोणीतरी माणसांना नीट प्रश्न विचारले होते. पशुपालकाचे बोलणे ऐकण्यासाठी त्याची भाषा यावी लागते. भारतीय पशुवैद्यक परिषदेच्या नियमांनुसार महाविद्यालयांतील १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून भरल्या जातात, त्यामुळे केरळचा विद्यार्थी परभणीला आणि नागपूरचा विद्यार्थी मथुरेला शिकतो. मराठी शेतकरी ज्याला घटसर्प म्हणतो, त्याला हिंदी पट्ट्यात गलघोंटू म्हणतात. लाळ्या खुरकूत तिकडे खुरपका-मुँहपका होतो आणि फऱ्याला लंगडा बुखार म्हणतात. नव्या विद्यार्थ्याच्या खिशातल्या वहीत रोगांची स्थानिक नावे असणे हे औषधांच्या मात्रांइतकेच आवश्यक आहे.

ऐकण्याचे मोल किती, हे एका नेहमीच्या प्रसंगातून कळते. गाय लाळ गाळते आहे, खाता येत नाही, आवाज बदलला आहे. मालक म्हणतो, घशात काही अडकले असावे. उत्साही विद्यार्थी हात तोंडात घालायला पुढे होतो. त्याआधी एकच प्रश्न विचारायला हवा : गेल्या काही आठवड्यांत कुत्रा चावला होता का? पिसाळ रोगाने ग्रासलेली गाय नेमकी अशीच दिसते. दवाखान्यात जाण्याआधी स्वतःला रेबीजची प्रतिबंधक लस टोचून घेणे आणि हा प्रश्न विचारायची सवय लावून घेणे, यांवर काही वेळा विद्यार्थ्याचा स्वतःचा जीव अवलंबून असतो.

ही चारही साधने हाताशी असूनही पुस्तकात नसलेले काही समोर येतच राहते. लम्पी त्वचारोगाचे पहिले वर्णन १९२९ साली आजच्या झांबियात झाले आणि पुढे अनेक वर्षे भारतीय विद्यार्थी तो आफ्रिकेतला रोग म्हणून परीक्षेपुरता वाचत राहिले. २०१९ साली तो ओडिशात आढळला. २०२२ साली राजस्थान, गुजरातपासून महाराष्ट्रापर्यंत लाखो जनावरांच्या अंगावर गाठी उठल्या. त्या वर्षी आंतरवासितेत असलेल्या मुलामुलींनी हा रोग आपल्या शिक्षकांसोबतच पहिल्यांदा जवळून पाहिला. शेळ्यांच्या देवीची लस गाईंना टोचत ती गावोगाव फिरली. पुढच्या आवृत्तीत या रोगाविषयी जो भारतीय मजकूर येईल, त्याचा कच्चा माल त्या महिन्यांतल्या नोंदी आहेत.

आंतरवासितेच्या वर्षात विद्यार्थ्याला केलेल्या कामाची नोंदवही ठेवावी लागते. पुष्कळांना ती सही-शिक्क्यापुरती वाटते. तारीख, जात, वय, वेत, तापमान, लक्षणे, औषध, मात्रा हे रकाने कसेबसे भरले जातात. हमखास रिकामा राहतो तो शेवटचा : पुढे काय झाले? जनावर बरे झाले, मेले, की विकले गेले? त्यासाठी चार दिवसांनी मालकाला एक फोन करावा लागतो. तो केला, तर त्या एका ओळीतून निदान बरोबर होते की चुकले, हे कळते. दवाखान्यातली दुसरी कोणतीही गोष्ट विद्यार्थ्याला हे सांगत नाही, आणि गाय तर सांगणारच नसते.